खोलीचं इंग्रजी नाव

खोलीत टेबलं दोन, खुर्च्या दोन, लोखंडी कपाटं चार, भिंतीवर घड्याळ एक आणि माणूस एक. दुसऱ्या टेबलावर शिक्का, शाईची गादी आणि चष्म्याचं घर. अक्षयाने एवढं वहीत लिहून वर टाकलं: सोमवार, सकाळचे दहा. काही मोजायचं तर आधी तिथे काय आहे ते नोंदवायचं, ही तिची प्रयोगशाळेतली सवय.

ती फोंडाघाटची. मालवणजवळच्या या हायस्कुलात तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवायला शुक्रवारीच रुजू झाली होती. शनिवारी मुख्याध्यापक फकरुद्दीन सरांनी तिला बोलावून घेतलं.

"सगळ्या खोल्यांना इंग्रजी पाट्या लागतायत. लॅबोरेटरी झाली, लायब्ररी झाली. क्लार्कच्या खोलीचं तेवढं अडलंय. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिस म्हटलं तर कलेक्टरची कचेरी वाटते. स्कूल ऑफिस म्हटलं तर शाळेत आणखी कुणाचं ऑफिस असणार? आणि नुसतं ऑफिस म्हटलं तर मी कुठे बसतो? स्टाफरूममध्ये तीन मीटिंगा झाल्या. तुम्ही सायन्सवाल्या, पुराव्याने ठरवा. सावंतवाडीचा सुतार लाकडी अक्षरं कापणार आहे, त्याला गुरुवारी संध्याकाळी कळवायचंय."

"मोठंच नाव निवडा मॅडम," सोमवारी खोलीत आपल्या टेबलामागून क्लार्क सिद्धेश आवाज उतरवून म्हणाला. "ॲडमिनिस्ट्रेटिव्ह. समोरच्याने दारात थांबून वाचलंच पाहिजे. अकरा वर्षं इथे बसतोय. माझं नाव घेत एक माणूस आला नाही. येतो तो आनंदीबाईंना विचारत. दाखला मी लिहायचा आणि जाताना म्हणणार, आनंदीबाईंकडचं काम झालं."

"आणि त्या काही बोलत नाहीत?" दुसऱ्या, रिकाम्या खुर्चीकडे बघत अक्षयाने विचारलं.

सिद्धेश उठला आणि कपाटात फाइल शोधायला लागला.

काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हे अक्षयाने कॉलेजात पुष्कळ पाहिलं होतं. तिने मनाशी ठरवलं, ज्या नावाने आनंदीबाईंची विचारणा सगळ्यात कमी होईल तेच पाटीवर जाईल. पहिला दिवस कोऱ्या दाराचा, मग रोज एक नाव कागदावर छापून लावायचं. ती दुसऱ्या खुर्चीवरची उशी सरकवून बसायला गेली.

"थंय नको." सिद्धेशचा आवाज एकदम चढला. मग सावरून तो म्हणाला, "स्टूल घ्या मॅडम. दाराशी वारा बरा असतो."

दाराशी बसल्यावर पहिली आली ती सातवीतल्या इल्माची आई, सलमा.

"बोनाफाईड होया गो. आनंदीबाईंकडे गर्दी आसा?"

"गर्दी नाय, जा सरळ," शिपाई सुगंधाने हातातल्या झाडूने दार दाखवलं. सलमा आत गेली. अक्षयाने रेघ ओढली.

"काय गो बाय, माणसां मोजतंस?" सुगंधा म्हणाली. "मतदान आसा काय?"

मंगळवारी दारावर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिस लागलं. होडीवरून तसाच आलेला दीपेश, पोराचा दाखला न्यायला आलेला, कागदासमोर उभा राहिला.

"ॲड... मि... नि..." त्याने नाद सोडला. "ह्यां काय ता तुमचां ऱ्हवांदे. माका आनंदीबाईंकडे जावचां आसा."

सुगंधाला हसून हसून ठसका लागला. "बघ! इंग्लिश तुझां भायर ऱ्हवलां, माणूस गेलो आत."

बुधवारी स्कूल ऑफिस. गुरुवारी नुसतं ऑफिस. आत प्रत्येक वेळी सिद्धेशचा तोच आवाज: "बसा. काय होया?" आणि पेनाची खरखर, शिक्क्याचा ठप्पा.

चार दिवसांत अक्षयाला आनंदीबाई एकदाही दिसल्या नाहीत. बिलांसाठी ओरोसला शिक्षण खात्यात जात असतील, असं ती धरून चालली होती. शाळेत पाऊल नाही आणि नाव मात्र गावभर, याचा तिला दिवसागणिक जास्तच राग येत होता.

गुरुवारी चार वाजता तिने वही सिद्धेशपुढे ठेवली.

"कुठल्याच नावाने फरक पडत नाही. कोऱ्या दाराला अठरातले सतरा, ॲडमिनिस्ट्रेटिव्हला एकवीसमधले एकोणीस, स्कूल ऑफिसला सोळातले पंधरा, ऑफिसला पंधरातले तेरा. आले सत्तर. आनंदीबाईंना विचारलं चौसष्ट जणांनी. उरलेले सहा परगावचे, पुस्तकांचे एजंट वगैरे."

सिद्धेशने वही जवळ ओढली. पाच-पाच रेघांच्या जुड्यांवरून बोट फिरवत त्याने सगळं स्वतः मोजलं. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"चौसष्ट," तो म्हणाला. "चारच दिवसांत?"

"हो. मला वाईट वाटतं. पण मी सरांशी बोलते. आनंदीबाईंशीसुद्धा बोलेन, मला भीती नाही. खुर्चीत बसायचं नाही आणि..."

"नुसतं ऑफिस लिहा, मॅडम."

"तुम्हालाच मोठं नाव हवं होतं ना?"

"होतं." त्याने वही मिटून तिच्या हातात दिली. "मी कधी मोजलं नव्हतं." आणि ती दारापर्यंत पोचल्यावर म्हणाला, "अक्षरं बारीक कापूक सांगा त्येका."

फकरुद्दीन सरांनी नाव ऐकलं, मान डोलावली आणि सुताराला फोन लावता लावता एक कागद तिच्यापुढे सरकवला. तपासणीला येणाऱ्या समितीसाठी कर्मचाऱ्यांची यादी होती, तिच्यावर एक नजर टाकायची होती. नावं चौदा. आनंदीबाई नेमक्या कुठल्या पदावर आहेत ते बघत अक्षया एकेक ओळ खाली आली. नाव सापडलं ते तेराव्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात.

"सिद्धेश गोविंद परब, कनिष्ठ लिपिक. नियुक्ती अनुकंपा तत्त्वावर, सेवेत असताना निधन झालेल्या लिपिक श्रीमती आनंदीबाई गोविंद परब यांच्या जागी. नाते: आई. झालेली सेवा: अकरा वर्षे, दोन महिने."