रोजच्या कामाचं मशीन

डिचोलीच्या दुकानात गुणाजीने चाकांचे नट खोलायची बॅटरीवरची दोन-तीन मशीनं हातात तोलून पाहिली आणि सगळ्यात जड होतं ते काउंटरवर ठेवलं.

"मामा, ह्या ट्रकांसाठी. रोजचा काम असात तरच घेवा," दुकानदार म्हणाला.

"रोज आसा. गावातले सगळे ट्रक माझ्याकडेच येतले."

खाणी बंद पडल्यापासून शिरगावचा एकही ट्रकवाला दुकानात फिरकला नव्हता. दुकानदार खुलला. "म्हणजे खाणी सुरू झाले वाटता! पेढे मागवू?"

"पेढे रवांदे. जास्तीची बॅटरी दी."

घरी येऊन गुणाजीने मशीनला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. नव्या हत्याराचं पहिलं काम घरच्या गाडीवर करायचं, ही रीतच. त्यामुळे गावात आधी कुणाचा ट्रक भंगारात काढायचा, हा वाद आपोआप मिटला. त्याने अंगणातल्या आपल्या ट्रकाच्या चाकाला मशीन टेकवलं मात्र, नट अलगद सुटले. खाणी आज ना उद्या सुरू होतील म्हणून इतकी वर्षं तो त्या नटांना तेल घालत आला होता.