आक्काबाईचा जोंधळा

थोडा वेळ मुंगी होऊन बघा. तुम्ही कोठीच्या खोलीत, थंड फरशीवर उभे आहात. समोर पत्र्याचा डबा आहे, तुमच्या मानाने डोंगराएवढा. आतून जोंधळ्याचा वास येतोय. तुम्ही डब्याला एक फेरी मारता, दुसरी मारता. आत शिरायला फट सापडत नाही. पण पायथ्याशी काही दाणे सांडलेले आहेत. त्यातला एक तुम्ही तोंडात धरता आणि माघारी फिरता.

तेवढ्यात जमीन हादरते. बिरूआबा आत आले आहेत.

आबांनी डबा पुढे ओढला. झाकण हाताने निघेना. विळ्याचं टोक घालून त्यांनी कड उचकटली आणि आत बघितलं. डबा माघात काठोकाठ भरला होता. आता तळाशी जेमतेम ओंजळभर जोंधळा होता. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. मुंग्यांची रांग दाणे घेऊन उंबरा ओलांडत होती.

"अनिता," त्यांनी सुनेला हाक मारली, "मुंगीमार पावडर कुठं हाय?"

"फळीवर. पर आबा, भाकरी तव्यावर हाय, खाऊन जावा की." अनिता चुलीपासूनच बोलली. "आन् माझा मोठा चमचा कुणी बघितला का? महिना झाला शोधतीया. ह्या घरात वस्तूला पाय फुटत्यात."

"चमच्याचं काय घिऊन बसलीस! हितं माझं बियाणं गेलं."

ते साधं बी नव्हतं. आबांची आई आक्काबाई मेंढरांमागे चालायची, तेव्हा पदराच्या गाठीत बांधून तिने ते जपलं होतं. हुरड्याला त्याच्यासारखा गोड दाणा नाही, असं आबा सगळ्यांना सांगायचे. आता उजनीचं पाणी आलं होतं आणि पळसदेवच्या शिवारात जिकडेतिकडे ऊस होता. हा जोंधळा आबांच्या दहा गुंठ्यांत उगवायचा आणि वर्षभर या डब्यात राहायचा. दुसऱ्या कुणाकडे तो उरला नव्हता. दोन दिवसांत वाफसा येणार होता. पेरायचं काय?

आबा पावडरीचा पुडा घेऊन रांगेच्या कडेने निघाले. अंगणातून त्यांची नात स्वराली मागे धावली. ती तिसरीत होती आणि आज रविवार होता.

"आबा, नका ना मारू त्यांना."

"का गं? तुझ्या काय मावश्या हायत्या?"

"तुम्हीच म्हणाला होतात. त्या वाळवीची अंडी पळवतात. मेलेला किडा उचलून नेतात. त्यांच्या बिळांतून पावसाचं पाणी खाली मुरतं."

"म्हणालो होतो. तवा डबा भरलेला हुता."

स्वराली मागे फिरली नाही.

रांग शेळ्यांच्या गोठ्यामागून बांधावर चढली. तिथे बीळ होतं. भोवती टरफलं आणि भुसा यांचं गोल कडं पडलं होतं. आबांनी पुड्याचा कोपरा दाताने फाडला, वाकले आणि तसेच थांबले.

भुशाच्या कड्यात रोपं उभी होती. वीतभर उंचीची, हिरवीगार, दाटीवाटीने. आबांनी एका पानावरून बोट फिरवलं. जोंधळाच होता. त्यांनी पुडा बाजूला ठेवला आणि हळूहळू मांडी घातली.

"हितं बस," ते म्हणाले. शिकवायला लागले की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. "मुंगी दाणं बिळात साठवती. ओल लागून एखाद्याला मोड आला, तर ती त्यो दाणा ठेवत न्हाय. बाहेर आणून भुशावर टाकती. तिच्या लेखी त्यो खराब. आपल्या लेखी?"

"रोप," स्वराली पुटपुटली.

"व्हय. रोप."

रोपं बरीच होती. आबा बघत राहिले. चार सांडलेल्या दाण्यांची ही रोपं नव्हेत, हे त्यांना दिसत होतं. इथे मुठीने जोंधळा पडला असला पाहिजे, आणि एकदा नव्हे, रोज.

मग त्यांना श्रावणातली सकाळ आठवली. याच बांधावर बसून त्यांनीच नातीला सांगितलं होतं, की आक्काबाई जात्यावर बसण्याआधी मुंग्यांना मूठभर सबंध जोंधळा घालायची. पीठ नाही, सबंध दाणा. आणि वर म्हणाले होते, आजपासून हे काम तुझं. कुठल्या डब्यातला घालायचा, ते सांगायचं राहून गेलं होतं. घरात भाकरीचं पीठ आता गावातल्या चक्कीवरून तयार यायचं. सबंध जोंधळा घरात एकाच डब्यात होता.

एक मुंगी आबांच्या अंगठ्यावर चढली. त्यांनी तिला झटकलं नाही. तोंडातला दाणा सांभाळत ती अंगठ्यावरून उतरली आणि बिळात गेली.

"स्वराली," आबांनी विचारलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, रोपांकडेच बघत राहिले. "त्या डब्याचं झाकण मला विळ्यानं काढावं लागलं. मुंगीनं कसं काढलं असंल गं?"

स्वरालीची मान खाली गेली. मग तिने फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि आईचा मोठा चमचा बाहेर काढला. त्याचा दांडा मधोमध वाकला होता. ती गुडघ्यांवर बसली. बिळाला धक्का लागणार नाही अशा बेताने तिने कडेच्या पहिल्या रोपाभोवती चमचा फिरवला, मातीसकट ते उचललं आणि आबांच्या ओंजळीत ठेवलं.