सातवं मत

"तेवाकी, तुमचं मत राहिलंय," सभापती म्हणाले.

सात बेटांच्या त्या छोट्या देशाची संसद सात जणांची. ठरावाच्या बाजूने तिघे होते, विरोधात तिघे. तेवाकीचं बेट परदेशी आरमाराला भाड्याने दिलं, तर देशात पहिलं हॉस्पिटल उभं राहणार होतं. पण बेटावरच्या दोनशे माणसांना कायमचं निघावं लागणार होतं, आणि त्यांनीच तर तेवाकीला निवडून पाठवलं होतं.

त्याला बहीण आठवली. बाळंतपणात अडली म्हणून तिला बोटीने शेजारच्या देशात न्यायला निघाले होते. दोन दिवसांची वाट. दुसऱ्या सकाळी ती त्याच्या मांडीवरच गेली.

त्याने हात वर केला.

आठवड्याने तो बेटावर उतरला, तेव्हा धक्क्यावर फक्त आई आली होती. माडांखाली बसलेल्या माणसांनी त्याला पाहून तोंडं फिरवली.

"आई, दुसऱ्या कुणावर तशी वेळ येऊ नये म्हणून केलं मी."

"कळतंय रे मला." आईने त्याची पिशवी हातात घेतली. "पण तिला इथेच पुरलंय ना आपण. आता तिला कुणाजवळ ठेवून जाऊ?"