पहिला धडा

दिवस मावळला तरी गाभण तांबडी शेळी परतली नव्हती, आणि येलदरीच्या रानात लांडगा दिसल्याची बातमी सकाळीच आली होती. हाका मारून मारून सुगंधाबाईचा घसा बसला.

"आई, रोज माजी गिटार ऐकतच चारा खाती ना ती?" म्हणत शीला घरातून गिटार घेऊन धावत आली. नवशिक्यांच्या पुस्तकातला पहिला धडा तिनं श्वास रोखून वाजवला. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदाच तो कुठंही न चुकता पार पडला.

रानातून चाहूलसुद्धा आली नाही.

"आगं, आसं न्हाई," आई कळवळून म्हणाली. "रोज मधीच अडखळतीस ना, तसंच वाजीव."

शीला अडखळली.

बाभळींमागून तांबडीनं ओ दिली.