घोडीवरचा सूर्य

संगप्पाची घोडी वर्षभर लातूरच्या वरातींत नाचायची आणि यात्रा आली की सजावटीच्या स्पर्धेत उभी राहायची. यंदा खोगीर घासून घासून तिच्या डाव्या अंगाला तळहाताएवढं टक्कल पडलं होतं.

“चाचा, ह्याच्यावर काहीतरी नक्षी काढा. पंचाच्या नजरंला येऊ नये.”

दस्तगीरची हयात घोड्यांच्या अंगावर कात्रीनं वेलबुट्ट्या कातरण्यात गेली होती. आता एकदा वाकलेली कंबर सरळ व्हायला कुरकुरायची.

“नक्षी कशाला, अण्णा? दोन महिने खोगीर उतरवा. केस आपोआप येतेत.”

“आन् नवरदेवाला काय तुमच्या खांद्यावर बसवू?”

दस्तगीरनं उसासा टाकला आणि टक्कल मधोमध धरून भोवती किरण कातरले. सूर्य असा झळकला की पंचांनी पहिलं बक्षीस देऊन टाकलं. घोडीला बक्षीस म्हणून आणखी वराती मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी दस्तगीरच्या पालापुढं घोड्यांची रांग लागली. सगळ्यांना सूर्यच हवा होता. रेणापूरच्या एका मालकानं आपला तुकतुकीत घोडा पुढं केला. “मधला गोल मातर तस्साच गुळगुळीत पायजे.”

“तो कात्रीनं होत न्हाई, मालक,” दस्तगीर थकून म्हणाला. “त्याला जड खोगीर घालून वर्षभर वरातीत नाचवावं लागतंय. आधी कातडं सोलून निघतं, मग केस जातेत.”

मालकानं घोड्याच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला. जरा विचार केला.

“पुढच्या यात्रेपर्यंत होईल ना पण?”