पाहणीचा दिवस

निरीक्षकाने कारखान्याच्या दाराचं कुलूप हलवून पाहिलं, दाराला कान लावला आणि मागे वळून म्हणाला, "इथे तर सगळं बंद आहे, बाई."

"आजच बंद आहे," ती म्हणाली. "काल संध्याकाळपर्यंत धूर निघत होता. आमच्या भिंती बघा."

"भिंती बघून कारवाई करता येत नाही. मशीन चालू दिसायला हवं."

तो मागच्या दारालाही जाऊन आला. तिथेही कुलूप. मग त्याने रुमालाने हात पुसले आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पुन्हा धूर उतरला.

कारखान्यात जुनं प्लास्टिक वितळवून त्याचे दाणे पाडत. तो वास ताटातल्या अन्नाला, केसांना, उशीच्या अभ्र्याला लागे. ती घरी शिवणकाम करायची. नवा ब्लाऊज हातात घेतला की गिऱ्हाइकं आधी तो नाकाशी नेत आणि मग तिच्याकडे बघत. कारखान्यातले कामगार मागच्या रस्त्याने येत, तोंडाला फडकी गुंडाळून. गल्लीतल्या कुणी त्यांचे चेहरे कधी पाहिले नव्हते, आणि पाहायची कुणाला हौसही नव्हती.

पण तिची धडपड ब्लाऊजसाठी नव्हती. आतल्या खोलीत सासू श्वासाशी झगडत पडून होती. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला साधं बटणसुद्धा नीट लावता येत नव्हतं. सासूने शेजारी बसवून तिला शिवण शिकवलं, आणि हात बसल्यावर स्वतःचं मशीन तिच्यापुढे सरकवून म्हणाली, "आता हे तुझं." त्याच सासूला खोकल्याची उबळ आली की ती खाटेचा दांडा धरून निळी पडे. डॉक्टर म्हणाले होते, "औषध मी देतो, पण हवा बदला." घर बदलण्याची ऐपत नव्हती. मग कारखाना हलवण्यावाचून दुसरं काय उरलं?

नवऱ्याचा यात काही उपयोग नव्हता. तो एका कापड कंपनीत हिशेबनीस. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा, संध्याकाळी दमून आला की कुणाशी न बोलता आधी अंघोळीला जायचा. वॉर्ड ऑफिसचा विषय निघाला की म्हणायचा, "तू कशाला जीव आटवतेस? त्यांचं कुणी काही वाकडं करणार नाही." भिडस्त माणूस. तिने त्याचा नाद सोडला होता.

शेजारचा म्हातारा पोस्टमन मात्र प्रत्येक खेपेला तिच्याबरोबर वॉर्ड ऑफिसात यायचा. "या ऑफिसात अर्ज देणं म्हणजे विहिरीत टाकणं," तो म्हणायचा. "निदान विहिरीतून आवाज तरी येतो."

निरीक्षक यायचा ठरला की नेमका कारखाना बंद. एकदा झालं, दोनदा झालं, मग गल्लीत कुजबुज सुरू झाली. आपल्यातलंच कुणीतरी आत खबर पोचवतंय.

संशय गल्लीतच राहणाऱ्या, डॉक्टरांकडच्या कंपाउंडरवर गेला. तो मागच्या दाराने कारखान्यातून बाहेर पडताना पोस्टमनने पाहिला होता. सगळे त्याच्या दारात जमले. तीच पुढे होती.

"तुम्ही आत कशाला गेला होतात?"

"एका पोराचा हात भाजला होता. पट्टी बांधून आलो."

"आत कोण कोण होतं?"

कंपाउंडरने तिच्याकडे पाहिलं. "मी कुणाला काही सांगितलेलं नाही, ताई," एवढंच म्हणाला.

त्याच्या बायकोशी नळावर कुणी बोलेना. काही दिवसांनी त्यांनी खोली सोडली. टेम्पोत सामान चढवताना मदतीला एकही हात पुढे आला नाही. तिने खिडकी लावून घेतली आणि मशीन चालवत बसली.

मग ती एकटीच वॉर्ड ऑफिसात गेली. मोठ्या साहेबांच्या दारात सकाळपासून ताटकळली. साहेबांनी शेवटी आत बोलावलं आणि वार सांगितला. "हे शेवटचं. या वेळी बंद सापडला तर मी फाइल बंद करणार. कुणाकडे बोलू नका."

ती बोलली नाही. पोस्टमनने विचारलं तर म्हणाली, "कळवतो म्हणाले." नवऱ्यालाही कळू दिलं नाही.

पण आदल्या संध्याकाळी सासूला अशी उबळ आली की तिला वाटलं, आता संपलं. पाठ चोळता चोळता तिला राहवेना. ती कानाशी वाकून म्हणाली, "आई, उद्या दुपारी धाड घालणार आहेत. एवढी रात्र काढा. उद्यापासून सुखाने श्वास घ्याल."

सासूने तिचा हात घट्ट धरला. बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही दारांना कुलूप होतं. गल्ली इतकी शांत होती की पोस्टमनच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. निरीक्षकाने या वेळी कुलपाला हातही लावला नाही.

"बाई, आता आम्हाला बोलावू नका," तो म्हणाला.

ती घरी आली. आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली.

"आई, मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

सासूने तोंड भिंतीकडे वळवलं. काही बोलायला गेली आणि खोकल्याने तिला घेरलं. सून सवयीने धावली, पाठीशी हात घालून तिला उठवून बसवलं, पाणी पाजलं. उबळ ओसरेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.

"का केलंत, आई? तुमच्यासाठीच चाललं होतं ना सगळं?"

"माझं काय, आज आहे उद्या नाही," सासू धापा टाकत म्हणाली. "मी त्याला म्हटलं, उद्या जाऊ नकोस, मालकाच्याही कानावर घाल."

"कुणाला म्हटलंत?"

सासूने पदराने तोंड पुसलं.

"कापड कंपनी केव्हाच बंद पडली, पोरी. त्या कारखान्यातल्या भट्टीपुढे तुझा नवरा उभा असतो."