पाडव्याचं ताट

प्रत्येक ताटाभोवती शेवंतीच्या पाकळ्यांची महिरप जमली होती, समया पेटल्या होत्या, तरी गौतमीचा जीव थाऱ्यावर नव्हता. सासरचा पहिला पाडवा, आणि सासऱ्यांचा धाक असा, की ते जेवायला बसले की पंखासुद्धा हळू फिरतो, असं नवरा सांगायचा.

आत्याबाईंनी टेबल पाहिलं आणि त्या ओरडल्याच. "अगं बाई, मीठ-चटणी उजवीकडे? सगळी ताटं उलटी! सणासुदीला श्राद्धाचं पान वाढलंस?"

गौतमीच्या तोंडचं पाणी पळालं. ती डावखुरी. आईने घोकून घेतलेलं सगळं भीतीपायी विसरली होती आणि हाताने आपल्याच सवयीने वाढलं होतं. "आत्ता बदलते," असं ती म्हणेपर्यंत सासरे दारात उभे!

त्यांनी ताट पाहिलं. मग ते खुर्ची ओढून बसले.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. "डाव्या हाताने जेवतो म्हणून वडिलांनी माझ्या हाताला तापल्या उलथण्याने डाग दिला होता. सहा वर्षांचा होतो."

त्या सत्तरीच्या माणसाने भिंतीवरच्या वडिलांच्या तसबिरीकडे एकदा चोरून पाहिलं, आणि डावा हात पुढे केला.